इंग्रजी कानावर, मग तोंडात: कोकणातल्या नव्या इंग्रजी शिक्षकांसाठी

महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. म्हणजे आठवीच्या वर्गात आपल्यासमोर बसलेल्या मुलाचे इंग्रजीचे ते आठवे वर्ष असते. त्याला उताऱ्याखालच्या प्रश्नाचे उत्तर शोधता येते, रिकाम्या जागा भरता येतात, पाठ केलेला निबंधही लिहिता येतो. पण उशीर का झाला, असे इंग्रजीत विचारले तर तोच मुलगा मान खाली घालून उभा राहतो. ही त्याची उणीव आहे, असे मला वाटत नाही. आठ वर्षांत इंग्रजी त्याच्या डोळ्यांपुढून पुष्कळ गेले, कानावर फार थोडे पडले, आणि तोंडून तर जवळजवळ निघालेच नाही. नाट्य, कविता आणि भाषण हे तीन उपाय नेमके या जागी उपयोगी पडतात. कोकणातल्या शाळेत ते वापरायचे कसे, याची माझ्या अनुभवातून बसलेली घडी नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांसाठी येथे मांडतो.

आधी मुलांचे ऐकून घ्या

जूनमध्ये पहिल्या आठवड्यात कोणताही उपक्रम जाहीर करू नका. प्रत्येक मुलाला एकेकटे बोलावून वीस सेकंद इंग्रजीत बोलू द्या आणि ते फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. नाव, गाव आणि घरात कोण कोण आहे एवढे पुरे. गुण देऊ नका, दुरुस्तीही करू नका. चव्वेचाळीस मुलांच्या तुकडीत हे काम दोन तासांत होते. त्यातून कोणाला शब्द सापडत नाहीत, कोणाला शब्द आहेत पण आवाज निघत नाही, आणि कोणाला दोन्ही असूनही वाक्य जोडता येत नाही, हे तीन वेगळे गट आपल्याला दिसतात. या तिघांना एकच औषध चालत नाही.

दुसरी गोष्ट, मुलांना गावात काय काय येते याची चौकशी करा. सिंधुदुर्गात कोणाच्या घरी दशावतार या लोकनाट्यात काम करणारे काका असतात, रत्नागिरीकडे कोणी नमन या लोकनाट्यात उभे राहते, कोणी गणपतीत जाखडीचा नाच नाचते, कोणाचे आजोबा देवळात गाऱ्हाणे घालतात, म्हणजे सर्वांच्या वतीने देवाकडे मोठ्याने मागणे मागतात. ही माहिती मी वहीत मुलाच्या नावापुढे लिहून ठेवतो, कारण पुढचे सगळे काम त्याच माहितीवर उभे राहते. बोलीत चार लोकांपुढे ठणठणीत बोलणारे मूल इंग्रजीच्या तासाला मुके होते, तेव्हा त्याला बोलायला शिकवायचे नसते. त्याच्याजवळ असलेल्या बोलण्याला इंग्रजीकडे वाट करून द्यायची असते.

वर्षाची आखणी करताना पावसाचाही विचार करावा लागतो. पत्र्याच्या छपराखालच्या वर्गात जुलैचा पाऊस कोसळू लागला की तिसऱ्या बाकापलीकडे आवाज पोहोचत नाही. म्हणून त्या दिवसांत मी मूकाभिनय, स्थिरचित्रे आणि संवादलेखन घेतो, उघडीप मिळाली की कविता घेतो. गणपतीनंतर भाषणे सुरू करतो आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर, जत्रांचे दिवस सुरू होऊन मुले दशावतार पाहून येऊ लागली की, नाट्याला हात घालतो. आठवड्याला एकच तास या कामाला द्यावा, पण तो ठरलेला असावा आणि परीक्षेच्या नावाखाली कापला जाऊ नये.

आवाज, आघात आणि आपला ‘च’

मराठी मुलाचे इंग्रजी सपाट का वाटते, हे शिक्षकाला नीट कळले पाहिजे. मराठीत आपण साधारणपणे प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देत बोलतो. इंग्रजीत मात्र शब्दातल्या एका अवयवावर (सिलेबलवर) आघात म्हणजे जोर येतो आणि बाकीचे अवयव आखडतात. ‘प्रेझेंट’ म्हणजे भेटवस्तू असेल तर आघात पहिल्या अवयवावर येतो, सादर करणे या अर्थाने तोच शब्द आला तर दुसऱ्यावर, आणि मग उच्चार ‘प्रिझेंट’ असा होतो. ‘फोटोग्राफ’मध्ये पहिला अवयव जड आहे, ‘फोटोग्राफी’ म्हणताना जोर दुसऱ्या अवयवाकडे सरकतो आणि उच्चार ‘फटॉग्रफी’च्या जवळ जातो. अशा पंधरावीस जोड्या फळ्यावर लिहून, आघाताच्या जागी बाकावर थाप मारत म्हणून घेतल्या की मुलांचा कान उघडतो.

वाक्यातला आघात समजावण्यासाठी मला मराठीतला ‘च’ सर्वांत उपयोगी वाटला आहे. ‘माय ब्रदर सोल्ड द ब्लू बोट’ हे वाक्य फळ्यावर लिहा. मग विचारा: ‘माझ्याच भावाने विकली’ असे इंग्रजीत कसे म्हणाल? मुले ‘ओन्ली’ हा शब्द शोधू लागतात. त्यांना दाखवा, की येथे वेगळा शब्द घालायची गरज नाही, ‘माय’ जोरात म्हटले की झाले. ‘ब्रदर’वर जोर दिला तर भावानेच विकली, बाबांनी नव्हे, ‘सोल्ड’वर दिला तर विकलीच, भाड्याने दिली नाही, ‘ब्लू’वर दिला तर निळीच, लाल नव्हे. जे काम आपण एका अक्षराने करतो ते इंग्रजी माणूस आवाजाने करतो, हे एकदा लक्षात आले की मुलांच्या वाचनात फरक पडू लागतो.

उच्चारांच्या बाबतीत मोजक्याच गोष्टींचा आग्रह धरा. ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ यांतला ओठांचा फरक, ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतला ऱ्हस्व-दीर्घ स्वर, ‘हॉल’ आणि ‘होल’ एवढे सांभाळले तरी ऐकणाऱ्याचा गोंधळ टळतो. लंडनचा उच्चार आणण्याचा खटाटोप मुळीच करू नका. मालवणी हेल असलेले इंग्रजी स्पष्ट असेल तर ते उत्तम इंग्रजी आहे.

कविता: पुस्तक मिटून

कवितेच्या पहिल्या तासाला पुस्तक उघडायचे नाही. शिक्षकाने कविता तीन वेळा म्हणावी: पहिल्यांदा मुलांनी डोळे मिटून ऐकावी, दुसऱ्यांदा बोटाने बाकावर ठेका धरावा, आणि तिसऱ्यांदा कानात राहिलेला एखादा शब्द वहीत टिपावा. मग फळ्यावर ते शब्द गोळा करायचे. ‘कवितेचा सारांश काय’ हा प्रश्न या तासात विचारला, तर मुले पुन्हा मार्गदर्शक पुस्तकाकडे धावतात.

छंद समजावताना मराठीशी तुलना अवश्य करा. आपण लघु-गुरू आणि मात्रा मोजतो. इंग्रजी कवितेत बहुधा आघात मोजले जातात. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या 1885 सालच्या बालकवितासंग्रहात आगगाडीच्या खिडकीतून दिसणाऱ्या दृश्यांची एक कविता आहे. तिच्या ओळीत चार आघात येतात आणि त्यांच्यामधली हलकी अक्षरे भरभर धावतात, त्यामुळे रुळांवरच्या चाकांचा ठेका ऐकू येतो. कोकण रेल्वेचा 741 किलोमीटरचा मार्ग 1998 च्या प्रजासत्ताकदिनी संपूर्ण खुला झाला, आणि आमच्या भागातल्या अनेक मुलांच्या झोपेत आज ती गाडी असते. मी वर्गाचे दोन भाग करतो. एक भाग फक्त ठेका देतो, दुसरा ओळी म्हणतो, आणि बोगदा आला की दोन्ही भागांनी एकदम आवाज कोंडून घ्यायचा. बोगदा कवितेत नाही, तो आमच्या मुलांनी घातला आणि मी तो राहू दिला.

सामूहिक पठणासाठी गाऱ्हाण्याची रीत फार चांगली बसते. गाऱ्हाणे घालणारा एक एक मागणे उच्चारतो आणि जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला साथ देतात. एकाने ओळ म्हणायची आणि सर्वांनी ठरलेल्या इंग्रजी वाक्याने उत्तर द्यायचे, हे मुलांना शिकवावेच लागत नाही. ज्या मुलाचा एकट्याचा आवाज निघत नाही त्याला या गर्दीत आधार मिळतो. मात्र येथे एक पथ्य कसोशीने पाळा: आपण फक्त बोलण्याची रीत उसनी घेत आहोत, देवाच्या नावाने नक्कल करत नाही, हे आधी स्पष्ट सांगा आणि त्यात थट्टा शिरू देऊ नका. गावातल्या माणसांच्या श्रद्धेची ती गोष्ट आहे.

एकट्याने कविता म्हणताना मुले दोन चुका हमखास करतात. पहिली म्हणजे प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबणे. वाक्य पुढच्या ओळीत संपत असेल तर तेथपर्यंत वाचत गेले पाहिजे. त्यासाठी कवितेच्या प्रतीवर पेन्सिलीने, जेथे श्वास घ्यायचा तेथे एक रेघ आणि जेथे पूर्ण थांबायचे तेथे दोन रेघा ओढून घ्या. दुसरी चूक हातवाऱ्यांची. सूर्य म्हटले की हात वर आणि हृदय म्हटले की हात छातीवर, ही सवय प्राथमिक शाळेतून आलेली असते. पहिल्या दोन महिन्यांत मी हात मागे बांधूनच म्हणायला सांगतो, म्हणजे जे दाखवायचे ते आवाजातून दाखवावे लागते.

दहावीच्या प्रश्नपत्रिकेत कवितेच्या रसग्रहणाचा प्रश्न असतो, त्यामुळे हा सगळा वेळ वाया जातो अशी शंका पालकांना किंवा सहकाऱ्यांना आली तर त्यांना शांतपणे दाखवून द्या, की यमकरचना आणि अनुप्रास ज्याच्या कानाला कळले त्याला ते ओळीखाली रेघ मारून शोधावे लागत नाहीत. आणि एखादा मुलगा ‘इंग्रजी कवितेशी आपला काय संबंध’ असे विचारील, तेव्हा त्याला मालगुंडची गोष्ट सांगा. तेथे 1866 साली जन्मलेले केशवसुत स्वतः शाळामास्तर होते. इंग्रजीतला चौदा ओळींचा काव्यप्रकार त्यांनी मराठीत आणला आणि त्याला आपण सुनीत म्हणतो. देवगड तालुक्यातले विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि शेक्सपिअरचा राजा लिअर त्यांनी मराठीत उतरवला. गणपतीपुळ्याला सहल जाणार असेल, तर जवळच असलेले मालगुंडचे केशवसुत स्मारक चुकवू नका.

नाट्य: संहितेशिवाय सुरुवात

माझ्या पहिल्या वर्षीची चूक येथे सांगणे मला आवश्यक वाटते. स्नेहसंमेलनासाठी मी एक छापील इंग्रजी एकांकिका निवडली, वर्गातली इंग्रजी चांगले असलेली सहा मुले घेतली आणि दीड महिना त्यांच्याकडून संवाद घोकून घेतले. प्रयोगात एका मुलीचे एक वाक्य सुटले आणि पुढचे सगळे अडले, कारण कोणालाच आपण काय बोलत आहोत हे ठाऊक नव्हते. फक्त कोणत्या वाक्यानंतर आपले वाक्य येते एवढेच ठाऊक होते. त्याहून मोठी चूक ही, की उरलेली अडतीस मुले दीड महिना नुसती बसून होती.

दशावतारात असे होत नाही. आख्यान ठरते, कोणी कोणती भूमिका करायची ते ठरते, आणि संवाद मात्र नट रंगमंचावर उभे राहूनच बोलतात. समोरचा काय म्हणाला ते ऐकल्याशिवाय त्यांना पुढे जाताच येत नाही. इंग्रजीच्या वर्गाला हीच पद्धत हवी. एक प्रसंग घेऊन तिचे टप्पे सांगतो.

मालवणच्या जेटीवर सकाळी एक कुटुंब आले आहे. त्यांना सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायचे आहे आणि त्यांच्याकडे हा एकच दिवस आहे. समुद्र खवळलेला आहे आणि होडीवाला नकार देतो. कुटुंबातल्या आजींना शिवराजेश्वराचे मंदिर पाहायचे आहे, मुलाला कसलीच घाई नाही, वडील चिडले आहेत, आणि शेजारी कोकम सरबत विकणारी मुलगी सगळे ऐकते आहे. पाच भूमिका आहेत, म्हणून पाच-पाच जणांचे गट करा. पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येक गटाने या प्रसंगाचे स्थिरचित्र उभे करायचे, म्हणजे फोटोत असतो तसे न हलता. शिक्षकाने ज्याच्या खांद्यावर हात ठेवला त्याने आपल्या मनातले एकच वाक्य इंग्रजीत बोलायचे. ‘आय ॲम टायर्ड’ एवढेही चालते.

त्यानंतर प्रसंग बोलून दाखवायचा, आणि पहिल्या फेरीत मालवणी किंवा मराठीतच. याला काही जण आक्षेप घेतात. पण काय घडते आहे, कोण कोणावर का रागावला आहे, हे आधी जिवंत झाले पाहिजे. दुसऱ्या फेरीआधी फळ्यावर सात-आठ वाक्यांची शिदोरी लिहा: ‘द सी इज टू रफ टुडे’, ‘वुई हॅव कम अ लाँग वे’, ‘आय कॅनॉट टेक दॅट रिस्क’, ‘इज देअर एनी अदर वे?’ अशी. आता तोच प्रसंग इंग्रजीत. अडलेल्या ठिकाणी बोलीतला शब्द आला तरी थांबवू नका, फक्त कानाने टिपून ठेवा. तिसऱ्या फेरीत फळा पुसा.

यानंतरचा टप्पा प्रश्नांच्या खुर्चीचा, आणि व्याकरणाच्या दृष्टीने तो सर्वांत मोलाचा आहे. होडीवाल्याची भूमिका करणारा मुलगा पुढे खुर्चीत बसतो आणि वर्ग त्याला प्रश्न विचारतो. आमची मुले मराठीच्या क्रमाने ‘व्हाय यू रिफ्यूज्ड?’ असे विचारतात. ‘व्हाय डिड यू रिफ्यूज?’ हे रूप वहीत पन्नास वेळा लिहूनही बसत नाही, पण खुर्चीतल्या होडीवाल्याला खरोखर काहीतरी विचारायचे असते तेव्हा एका तासात वीस वेळा ते तोंडून जाते. पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही धड्यातल्या पात्राला या खुर्चीत बसवता येते. ब्रिटनमधल्या नाट्यशिक्षिका डोरोथी हीथकोट (1926–2011) यांनी शिक्षकाने स्वतः भूमिका घेऊन वर्गात उतरण्याची रीत रुजवली. तीही येथे वापरा. तुम्ही बंदर अधिकारी होऊन जेटीवर आलात, तर मुलांना तुमच्याशी इंग्रजीतच बोलावे लागते आणि गाडी रुळावरून घसरली तर आतूनच ती वळवता येते.

संवाद लिहायचे ते अगदी शेवटी, बोलून झाल्यावर. आपणच बोललेले लिहिताना मुले स्वतःहून दुरुस्त्या करतात. स्नेहसंमेलनात सादर करायचे असेल तर याच लेखनातून संहिता तयार होऊ द्या.

ज्यांना पुढे येणे जमत नाही, त्यांच्यासाठी वाद्यांची आणि आवाजांची कामे ठेवा. दशावतारात पेटी, पखवाज आणि झांज यांच्याशिवाय पात्राचा प्रवेश होत नाही. लाटांचा, वाऱ्याचा, होडीच्या इंजिनाचा आवाज देणाऱ्या मुलाला सगळा इंग्रजी संवाद लक्ष देऊन ऐकावा लागतो, नाहीतर त्याची वेळ चुकते. एक पूर्ण सहामाही असे ऐकत राहिलेली मुले पुढे आपणहून भूमिका मागताना मी पाहिली आहेत.

भाषण: तीस सेकंदांपासून

वक्तृत्व म्हटले की मुले ‘रिस्पेक्टेड प्रिन्सिपल, टीचर्स अँड माय डिअर फ्रेंड्स’ येथून सुरुवात करतात आणि अर्धे बळ तेथेच संपते. वर्गातल्या भाषणांत ही प्रस्तावना बंद करा. पहिले वाक्य विषयाचेच हवे.

सुरुवात वस्तूपासून करा. घरातली एक वस्तू आणायची आणि तिच्याविषयी तीस सेकंद बोलायचे. माझ्या वर्गात नारळ खवायची विळी आली आहे, जाळे विणायची सुई आली आहे, आजीचा बटवा आला आहे. हातात वस्तू असली की नजर कोठे ठेवायची हा प्रश्न उरत नाही. पुढचा टप्पा कृतीचा, एक मिनिटाचा: आमसुले कशी करतात, सोलकढी कशी करतात, होडीला रंग देण्याआधी काय करतात. येथे ‘फर्स्ट’, ‘आफ्टर दॅट’, ‘अनटिल’ हे जोडशब्द आणि ‘द पील्स आर ड्राइड इन द सन’ यासारखी कर्मणी रचना आपोआप लागते. त्यानंतर दोन मिनिटे पर्यटकाला माहिती देणाऱ्या वाटाड्याची भूमिका: सिंधुदुर्गाचे बांधकाम 1664 साली सुरू झाले, कोकणच्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, अशी पक्की तथ्ये मुलांनी स्वतः शोधून आणावीत. हातात पाच शब्दांच्या चिठ्ठीपलीकडे काही द्यायचे नाही. पूर्ण भाषण लिहून आणलेले मूल भाषण वाचते, बोलत नाही.

वादविवादासाठी शक्ती-तुऱ्याची, म्हणजे शक्ती आणि तुरा या दोन पक्षांत गाण्यांतून रंगणाऱ्या सवाल-जबाबाची, आठवण करून द्या. एका बाजूने सवाल टाकला की दुसऱ्या बाजूला त्याच सवालाला उत्तर द्यावे लागते. आपलेच गाणे पुढे रेटता येत नाही. इंग्रजी वादविवादात मी एकच नियम ठेवतो: उत्तर देण्याआधी समोरच्याचे म्हणणे ‘माय फ्रेंड सेज दॅट’ असे सुरू करून त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगायचे, आणि मगच आपला मुद्दा मांडायचा. या नियमाने ऐकणे येते आणि दुसऱ्याचे बोलणे स्वतःच्या वाक्यात मांडण्याचा सरावही होतो.

विषय मुलांच्या पोटातला असावा, पण तो जपून निवडावा. 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळाविषयी आमच्या मुलांना खरेच मत असते आणि ते आकडे, अनुभव घेऊन बोलतात. पर्ससीन जाळ्यांचा, म्हणजे मासळीचा थवा वेढून पकडणाऱ्या मोठ्या जाळ्यांचा, वादाचा विषय मात्र, दोन्ही बाजूंच्या घरांतली मुले वर्गात असतील तर, मी घेत नाही. घरातले भांडण दहावीतल्या मुलाच्या खांद्यावर टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही.

परिपाठ हे तयार व्यासपीठ आहे. आठवड्यातून एक दिवस मुख्याध्यापकांकडून पाच मिनिटे मागून घ्या आणि दर वेळी तीच चार मुले पुढे येणार नाहीत याची यादी ठेवा.

चुका आणि गुण

मूल बोलत असताना मध्ये थांबवून दुरुस्त करू नका. मागे बसून वहीत लिहा, आणि बोलणे संपल्यावर एक जमलेली गोष्ट व एकच सुधारायची गोष्ट सांगा. सगळ्या वर्गाची समान चूक असेल तर ती नाव न घेता दुसऱ्या दिवशी फळ्यावर घ्या. कोणी हसले तर मात्र त्याच क्षणी थांबा. इंग्रजी बोलताना एकदा झालेले हसे मूल वर्षभर विसरत नाही.

दहावीला इंग्रजीची लेखी परीक्षा 80 गुणांची असते आणि उरलेले 20 गुण तोंडी परीक्षा व अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. आठवी-नववीपासूनच ऐकू येणे, कळणे, समोरच्याला उत्तर देणे आणि भाषेची शुद्धता अशा चार बाबींना पाच-पाच गुण देण्याची सवय ठेवा आणि हा तक्ता मुलांना आधी दाखवा. शुद्धतेला चारांतला एकच वाटा आहे, हे कळल्यावर कितीतरी मुले तोंड उघडतात.

एप्रिलमध्ये प्रत्येकाला पुन्हा एकदा वीस सेकंद बोलू द्या, प्रश्न तेच ठेवा, आणि जूनमधले ध्वनिमुद्रण त्याला एकट्याला बसवून ऐकवा. सगळ्या वर्गापुढे ते कधीही लावू नका.